नात स्कूटरवर, आजोबा मागे: गर्दीत मुलांची स्कूटर कशी न्यावी

आमच्या वयाच्या पुणेकराला ‘नात स्कूटर चालवायला लागली’ असं सांगितलं, की तो आधी विचारतो, ‘अरे वा, लायसन मिळालं?’ नात सात वर्षांची आहे म्हटल्यावर मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दोष त्याचा नाही. या गावात स्कूटर म्हणजे चेतक, हे दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात बसलंय. मी स्वतः आकुर्डीला बजाजमध्ये पंचवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ब्रेकच्या तपासणीवर. चेतक बाजारात आली १९७२ साली. सकाळी ती तिरकी करून मग किक मारायची, हा विधी मी किती हजार वेळा केला असेल कुणास ठाऊक.

आता ज्या स्कूटरमागे मी धावतो तिला गिअर नाही, पेट्रोल नाही, स्टेपनी नाही. एक फळी, एक दांडा, दोन किंवा तीन चाकं. इंजिन म्हणजे नातीचा उजवा पाय. गंमत वाटते, आणि म्हणूनच आपण गाफील राहतो.

मी कसा गाफील राहिलो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून आलंय.

डिसेंबरातला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. आम्ही एका बागेत गेलो होतो. कुठल्या, ते राहू दे. फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी, भेळ खाणाऱ्यांची गर्दी, आणि नुसतीच गर्दी. नात स्कूटरवर पुढे, मी मागे, कंपनीतल्या जुन्या मित्राशी बोलत. विषय काय होता तेही सांगतो, म्हणजे किती महत्त्वाचा होता ते कळेल: त्याच्या इमारतीच्या पुनर्विकासात पार्किंग एक मिळणार की दोन. तेवढ्यात पुढून ‘आई गं!’ असा आवाज आला. सत्तरीच्या एक बाई, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात भाजीची पिशवी. स्कूटरची फळी मागून सरळ त्यांच्या घोट्यावर. घोट्याला मांस नसतं. कातडी आणि खाली हाड. पिशवीतला मुळा वाटेवर पडलेला. नात दांडा धरून पुतळ्यासारखी उभी.

मी धावत गेलो आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं, ‘लहान आहे हो ती.’

बाई बाकावर बसता बसता म्हणाल्या, ‘ती लहान आहे, दिसतंय मला. तुम्ही किती वर्षांचे?’

अडुसष्ट. पण ते काही मी बोललो नाही.

आधी ब्रेक

घरी आल्यावर मी ती स्कूटर उलटी करून बघितली. हे खरं तर विकत घेतली त्या दिवशी करायला हवं होतं. चेतकला मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असायचा. इथेही मागचाच ब्रेक आणि पायाचाच. मागच्या चाकावर जो मडगार्डसारखा पत्रा असतो तोच ब्रेक. त्यावर टाच दाबली की तो चाकावर घासतो आणि चाक थांबतं. ड्रम नाही, लायनर नाही. चाक घट्ट प्लॅस्टिकचं, पत्रा गुळगुळीत, मध्ये पाणी आलं की दोघांची पकड संपली.

आणि मूल हलकं. अठरा-वीस किलोच्या मुलाच्या पायात जोर तो किती? दुकानातल्या माणसाने पाय ठेवला की स्कूटर जागच्या जागी थांबते, तुमच्या मुलाने ठेवला की नुसती किरकिरते. म्हणून घेताना ब्रेक मुलालाच दाबायला लावा, दुकानाच्या फरशीवर, चालत्या स्कूटरवर. दुकानदार नाक मुरडेल. मुरडू दे.

बाकीचं थोडक्यात. चार-पाच वर्षांपर्यंत तीन चाकांची बरी: पुढे दोन, मागे एक, अंग कलवलं की वळते. दोन चाकांची त्यानंतर. दांडा मुलाच्या कमरेच्या किंचित वर यावा. छातीपर्यंत आला तर वळवता येत नाही आणि पडताना तोच हनुवटीला लागतो. उंचीचा क्लॅम्प आणि घडीची खिट्टी महिन्यातून एकदा ‘ॲलन की’, म्हणजे सहा कोनांचा पाना, लावून बघायची. चाकं जितकी लहान तितकी ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत अडकणार. दहा सेंटिमीटरचं चाक मॉलच्या फरशीवर राजा, आमच्या फुटपाथवर भिकारी. हेल्मेट सायकलचं चालतं. कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहील इतकं पुढे, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जेमतेम जातील इतकं घट्ट. मागे सरकवून फुलासारखं माळलेलं हेल्मेट काही कामाचं नाही.

बॅटरीवर चालणारी स्कूटर मात्र या हिशेबात धरू नका. ती वेगळी जात आहे, आणि गर्दीत ती नकोच. आणि चौदा वर्षांच्या चिरंजीवांना सोसायटीच्या बाहेरच्या दुकानापर्यंत ‘फक्त दोन मिनिटं’ ॲक्टिव्हा देणाऱ्या पालकांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९९क हे कलम घातलेलं आहे: पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. असो, तो वेगळा विषय. माझं रक्त उगाच तापतं.

तर मी काय केलं, रविवारी दुपारी पार्किंग रिकामं असताना खडूने एक रेघ मारली. नातीला सांगितलं, पूर्ण जोरात ये, मी शिट्टी वाजवली की ब्रेक. टेपने मोजलं. कोरड्या कोब्यावर शिट्टीपासून थांबेपर्यंत सरासरी पंधरा फूट. मग वॉचमनकडून बादली घेतली, कोबा ओला केला. चोवीस फूट, आणि एकदा तर पाय ब्रेकवरून घसरून ती गुडघ्यावर आली. ही वरून आमच्या गॅलरीतून ओरडत होती, ‘पोरीला प्रयोगशाळेतला उंदीर केलंय!’ पण चोवीस फूट म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. फुटपाथवर तुमच्या समोरचा माणूस सहसा सहा फुटांवर असतो.

यातले निम्मे फूट ब्रेकचे नाहीतच. शिट्टी ऐकली, काय करायचं ते आठवलं, पाय उचलला, मागे नेला, एवढ्यात स्कूटर सात-आठ फूट जाऊन मोकळी होते. ती ताशी आठ-दहा किलोमीटरने येते, चालणारा माणूस चार-पाचने. दुप्पट. म्हणजे मूल कायम कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागून येत असतं, आणि माणसाच्या पाठीला डोळे नसतात.

पार्किंगमधली शाळा

गर्दीत नेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत, आणि त्या घरच्या पार्किंगमध्येच होतात.

पहिली म्हणजे थांबण्याचा शब्द. बहुतेक पालक मुलाच्या नावाने हाक मारतात. बागेत उभे राहून ऐका एकदा. नावाने हाक मारली की मूल काय करतं? मागे वळून बघतं. स्कूटर मात्र पुढेच जात राहते, आणि मान वळली की हातही वळतात, म्हणजे आता ती तिरकी पुढे जाते. ‘सांभाळून!’ हा तर निव्वळ वाया गेलेला शब्द. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आम्ही ‘स्टॅच्यू’ हा शब्द घेतला. तो खेळ प्रत्येक पोराला येतो, त्यामुळे शिकवावं लागत नाही. स्टॅच्यू म्हटलं की टाच ब्रेकवर, मग दोन्ही पाय जमिनीवर, तोंड समोरच. मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडायचो आणि कुठल्याही क्षणी ओरडायचो. बाटली पडली की तिचा एक गुण गेला, मी उगाचच ओरडलो तर माझा. तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी जेवताना मी सहज म्हटलं तर तिचा वरणभाताचा घास हवेत थांबला. तेव्हा समजलो, झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. मी अडुसष्ट वर्षांचा, तिच्यामागे पळू शकत नाही. तरुण आईबापही पळत नाहीत, मोबाईल हातात धरून चालतात. मग पोर पन्नास फूट पुढे जातं आणि आपण मागून ओरडतो. यावर मी पीएमटी काढली. नात म्हणजे बस, मी कंडक्टर. प्रत्येक बाक, प्रत्येक मोठं झाड, दिव्याचा प्रत्येक खांब हा थांबा. थांब्यावर बसने उभं राहायचं, कंडक्टर येईपर्यंत हलायचं नाही. कंडक्टर आला, ‘टिंग टिंग’ म्हणाला की सुटायचं. एक टिंग म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे बसमध्ये आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, ते तसंच ठेवलं. आता ती मला वाटेत सांगते, ‘आजोबा, ही नंबर चौऱ्याण्णव आहे, कोथरूड डेपो, मधे थांबत नाही.’ थांबते पण.

थांबे गर्दीप्रमाणे ठरतात. सकाळी सात वाजता रस्ता रिकामा असेल तर तीन खांब सोडून चौथा. माणसं वाढली की प्रत्येक खांब. आणि दोन खांबांमध्ये दहा माणसं दिसायला लागली, की बस डेपोत. म्हणजे उतरायचं आणि स्कूटर हाताने ढकलत न्यायची.

बघायचं कुणाकडे

माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती, आणि ती त्या दिवशी गप्पा मारत होतो एवढीच नव्हती. गप्पा मारत नसतो तरी मी नातीकडेच बघितलं असतं. पडेल का, लागेल का, खड्डा आहे का. आपण पोराकडे बघतो. बघायला हवं पोराच्या पुढच्या माणसाकडे. तो माणूस काय करेल ते आधी ओळखायचं, कारण पोराला ते ओळखता येत नाही.

दोन महिने नुसतं बघत फिरल्यावर काही जाती ध्यानात आल्या. फोनवर बोलणारा माणूस चालता चालता एकदम थांबतो. बोलण्यात काही महत्त्वाचं आलं की पाय थबकतात, कारण नसताना. मैत्रिणींचा घोळका शेजारी शेजारी चालतो आणि हसू आलं की बाजूला फाकतो. दोन वर्षांचं पोर सरळ रेषेत कधीच जात नाही. कुत्रा फिरवणारा एका बाजूला, कुत्रा दुसऱ्या बाजूला, आणि मधे पट्टा, बरोबर स्कूटरवरच्या मुलाच्या पोटाच्या उंचीवर. तो पट्टा संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही.

आणि म्हातारी माणसं. मी त्यातलाच आहे म्हणून सांगतो. आम्हाला मागून येणारी स्कूटर ऐकू येत नाही. पेव्हर ब्लॉकवर निदान खडखड होते, गुळगुळीत फरशीवर ती चाकं आवाजच करत नाहीत. धक्का बसला नाही, नुसती कडेने सुळकन गेली, तरी आम्ही दचकतो, आणि दचकलो की तोल जातो. तुमच्या मुलाच्या गुडघ्याला खरचटलं तर आठ दिवसांत खपली पडते. आमच्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. म्हणून वेग ठरवायचा तो वाटेवरच्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाकडे बघून, पोराच्या हौसेकडे बघून नाही.

घंटी लावावी का? मी लावली होती, काढून टाकली. घंटी वाजली की माणूस उडी मारतो, आणि कुठल्या बाजूला ते देवाला माहीत. निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे, आणि काही जण मागे वळून जागीच उभे. शिवाय घंटी म्हणजे ‘बाजूला व्हा’ असा हुकूम. चालणाऱ्याच्या वाटेवर आपण पाहुणे, हुकूम कसला देतो? आमचा नियम असा: पुढे म्हातारं माणूस, तान्हं पोर, कुबडी किंवा काठी दिसली, की उतरायचं, चार पावलं चालत पुढे जायचं, मग परत चढायचं. नातीला सुरुवातीला हा अपमान वाटायचा. मग एका आजोबांनी काठी वर करून तिला ‘शाबास’ म्हटलं, तेव्हापासून ती काठ्या शोधत फिरते.

कुठे न्यावी, कुठे नाही

या वस्तूचा जन्मच मुळात एका माणसाच्या भुकेतून झालाय. झुरिकमध्ये विम आउबोटर नावाच्या गृहस्थांना आवडीचं सॉसेज खायला जायचं होतं. अंतर असं, की चालायला लांब आणि सायकल बाहेर काढायला जवळ. त्यातून त्यांनी ही घडीची, हलकी स्कूटर बनवली, आणि २००० च्या सुमाराला ती जगभर गेली. मला हे वाचून फार जवळचं वाटलं. बाकरवडी संपायच्या आत पोचायचं म्हणजे हेच अंतर असतं. पण झुरिकचा फुटपाथ आणि आपला फुटपाथ यात जे अंतर आहे ते मात्र कुठल्याही स्कूटरने कापता येत नाही.

आपल्याकडे फुटपाथ म्हणजे उचललेली झाडाची मुळं, चेंबरचं बसलेलं झाकण, गाड्या अडवायला रोवलेले बुटके खांब, भाजीवाला, आणि सिग्नल चुकवायला वर चढलेला मोटरसायकलवाला. त्या मोटरसायकलवाल्याला मी आयुष्यभर शिव्या घालत आलो. त्या बागेतल्या प्रसंगानंतर वाटलं, चालणाऱ्याच्या जागेत चाक घालणारा तोही आणि मीही. त्याचं चाक मोठं, एवढंच.

जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झालाय, बसायला जागा आहे, मुलांना खेळायला काही काही ठेवलंय. तिथे सकाळी आठच्या आत जा, मजा येते. संध्याकाळी सहानंतर स्कूटर घरी. फुटपाथवरच्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा दिसतात ना, त्या अंधांच्या काठीसाठी आहेत. मुलांना त्यावरून खडखडत जायला फार आवडतं. तिथे नाही जायचं, आणि का नाही ते डोळे मिटून, काठी हातात घेऊन एकदा चालायला लावून दाखवायचं. आमच्याकडे छत्री घेतली. तेवढं पुरलं.

बागेत जाताना फाटकावरची पाटी वाचा. पुण्यात पाट्या आहेत म्हणजे त्या वाचण्यासाठी आहेत, वर्तमानपत्रात छापायला नाहीत. सायकल आणू नये असं लिहिलं असेल तर ‘पण ही सायकल कुठे आहे?’ असा वाद वॉचमनशी घालू नका. तो मी घातलेला आहे. मुद्दा बिनतोड होता आणि मी हरलो. हरलो ते बरंच झालं. सारसबागेत रविवारी किंवा चतुर्थीला स्कूटर नेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत क्रिकेट खेळणं. गणपतीचे दहा दिवस पेठांमध्ये तर प्रश्नच नाही. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या पेव्हर ब्लॉकवर माझे चोवीस फूट आठवा.

महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद असतात. मी उत्साहाने नातीला स्कूटरसकट घेऊन गेलो. म्हटलं, लक्ष्मी रस्ता मोकळा, आयुष्यात पुन्हा कधी मिळणार? दहा मिनिटांत कळलं की गाड्यांपासून मोकळा म्हणजे माणसांनी भरलेला. रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकून बसलेली माणसं, रांगोळ्या, खेळ. ‘पादचारी दिनाला वाहन आणलेली तूच एक’ असं म्हटल्यावर तिनेच स्कूटर घडी केली.

मेट्रो २०२२ साली वनाजहून सुरू झाली तेव्हापासून आम्ही डेक्कनला मेट्रोनेच जातो. स्टेशनची फरशी बघून कुठल्याही पोराचा पाय शिवशिवतो. लांबलचक, गुळगुळीत, सपाट. तिथे चढण्याआधीच, म्हणजे जिन्याच्या खाली, घडी. फलाटावर गेल्यावर सांगायला गेलात तर उशीर झाला. मॉल, दवाखाना, मंगल कार्यालय, मिसळीच्या दुकानाबाहेरची रांग, सगळीकडे हेच. लिफ्टमध्येही; त्या फळीची कड शेजाऱ्याच्या नडगीच्या बरोबर उंचीला येते.

मग मुलांनी चालवायची कुठे, असं विचाराल. रास्त आहे. या शहरात मुलांना मोकळी जागा उरलेली नाही आणि त्याचा राग येतो तो मलाही येतो. पण तो राग मुळ्याची पिशवी घेऊन चाललेल्या बाईंच्या घोट्यावर काढायचा नसतो. आम्ही सोसायटीच्या सभेत मागून घेतलं: रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मागचं पार्किंग गाड्यांना बंद. दोन सभा गेल्या, एका सदनिकाधारकाने लेखी हरकत घेतली, शेवटी मंजूर झालं. मी पाटी लावली: ‘येथे रविवारी मुले चालवतात. मोठ्यांनी शिकावे.’ सेक्रेटरीने दुसरी ओळ पुसली.

लागलंच तर

सगळं करूनही एखाद्या दिवशी लागतंच. तेव्हा आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जा. आपलं पोर रडत असलं तरी. ते उभं असेल आणि रडत असेल तर ते ठीक आहे. समोरच्याला बसवा, पिशवी उचलून द्या, बर्फ शोधा. मला त्या दिवशी बागेबाहेरच्या कुल्फीवाल्याने पिशवीत बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत. रिक्षा बोलवू का विचारा, आणि नको म्हटलं तरी आपला नंबर द्या. मी तिसऱ्या दिवशी फोन केला. सूज उतरली होती, आवाजातली उतरली नव्हती.

‘लहान आहे’, ‘मुद्दाम नाही केलं’, ‘तुम्ही एकदम आडवे आलात’ ही तीन वाक्यं गिळायची. आणि पोराला चारचौघांत ‘सॉरी म्हण, म्हण सॉरी’ असं दामटवायचं नाही. माफी आधी आपण मागायची, कारण स्कूटर आपण घेऊन दिली, बागेत आपण आणली, गप्पा आपण मारत होतो. नात घरी येऊन रात्री स्वतः म्हणाली, ‘त्या आजींना अजून दुखत असेल का?’ तिसऱ्या दिवशीचा फोन तिने मागून घेतला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, दार लावून बोलली.

दुसऱ्याचं मूल सुसाट येताना दिसलं, तर त्या मुलावर ओरडू नका. ते दचकून कुणावर तरी जाईल. आईबापांना शोधा आणि जवळ जाऊन हळू सांगा. ‘तुमचं लक्ष नाही’ असं म्हटलं की भांडण. मी म्हणतो, ‘पुढे एक आजी काठी घेऊन चालल्यात, तेवढं बघता का?’ दहातले आठ जण लगेच धावतात. उरलेले दोघे माझ्याकडे बघतात. मी त्यांना वय विचारत नाही. विचारावंसं फार वाटतं.

शेवटचा प्रश्न राहतो तो घडी केलेली स्कूटर धरायची कुणी. ‘तुझी आहे, तू धर’ हे तत्त्व चांगलं आहे, पण सात वर्षांचं मूल तीन किलोची स्कूटर दहा मिनिटं धरत नाही. मग ‘चालवतच नेते ना’ सुरू होतं आणि तुम्ही थकून हो म्हणता. माझ्या बघण्यातले निम्मे अपघात या थकलेल्या ‘हो’तून झालेत. त्यासाठी खांद्याला अडकवायचा पट्टा ठेवा. विकतचा मिळतो, पण कुठल्याही जुन्या प्रवासी बॅगेचा चालतो. एक हूक दांड्याला, एक मागच्या चाकापाशी. मी हिच्या कोकणच्या सहलीच्या बॅगेचा काढलाय. बॅग माळ्यावर आहे, त्यामुळे अजून विचारणा झालेली नाही.